पंचवीस तारखेचं भाडं

पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाला दारात उभं असतानाच विचारलं जातं, "नोकरी कुठं?" सुधाकर खरं सांगायचा. "सध्या नाही. शोधतोय." मग समोरच्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "तसं काही नाही हो, पण आमच्या मिस्टरांना विचारून कळवते." मऊ आवाजातला नकार कडक नकारापेक्षा जास्त लागतो, कारण त्यावर भांडताही येत नाही.

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तो सतरा वर्षं हिशेबनीस होता. कारखाना बंद झाला. मालकानं सगळ्यांची देणी चुकती केली, पण चाळिशी ओलांडलेल्या हिशेबनिसाला गावात दुसरी जागा मिळेना. पुण्यात मिळेल, असं सगळेच म्हणत होते. मुलगी आठवीत जायची होती, जूनमध्ये शाळा उघडायची होती, म्हणून नोकरी हातात नसताना आधी घर शोधणं भाग पडलं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला यायचं, दिवसभर हडपसर, मांजरी, फुरसुंगी पालथं घालायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत जायचं. सोलापूरकडची माणसं पुण्यात आली की बहुधा याच बाजूला टेकतात, रस्ताही सोलापूरचाच.

एजंट पगाराच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागत. नोकरीसाठी अर्ज करावा तर तिथं विचारत, पुण्यातला पत्ता कुठला? घरासाठी नोकरी हवी, नोकरीसाठी घर हवं. या चक्रात अडकलेला माणूस आळशी नसतो, लबाडही नसतो. पण चार दिवसांत त्याला स्वतःलाच आपण तसे आहोत असं वाटायला लागतं. हे वाटणं फार वाईट. मी अशी चांगली माणसं पाहिली आहेत, जी नोकरी गेल्यावर वर्षभर नातेवाइकांच्या लग्नालासुद्धा गेली नाहीत.

एका एजंटानं तोडगा सुचवला. "दोन हजार द्या. कंपनीचं पत्र बनवून देतो, शिक्क्यासकट. मालक कुठं चौकशी करत बसतोय?" सुधाकरनं त्या रात्री घरी येऊन बायकोला हे सांगितलं. रेखा म्हणाली, "आणि त्यांनी कधी ऑफिसचा फोन मागितला तर?" पण सुधाकरला अडवणारी गोष्ट ती नव्हती. एक खोटं व्हाउचर जिरवायला पुढं किती खोट्या नोंदी कराव्या लागतात, हे त्यानं कारखान्यात एका जुन्या कारकुनाच्या बाबतीत पाहिलं होतं. ज्या घरात राहायचं त्याच्या मालकाशी रोज जिन्यात गाठ पडणार, आणि रोज तेच खोटं नव्यानं सांभाळायचं. त्यानं एजंटाला नाही म्हणून सांगितलं.

मग अण्णा भेटले. अण्णा त्याच्याच तालुक्यातले, वीस वर्षांपूर्वी पुण्याला आलेले, भेकराईनगरला दोन मजली घर बांधलेले. वरची एक खोली आणि स्वयंपाकघर रिकामं होतं. नोकरीचं काहीही न विचारता म्हणाले, "ये की. सहा हजार दे महिन्याला." अनामत चाळीस हजार सांगितली, तीही रोख. सुधाकरनं कराराचं विचारलं तेव्हा अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आपल्यात कागद कशाला रे? तू माझ्या गावचा."

इतक्या नकारांनंतर हे वाक्य ऐकून सुधाकरचे डोळे भरून आले, आणि त्याचं काही चुकलं नाही. अण्णा खरोखर चांगले होते. पहिल्या दिवशी त्यांच्या घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी आली. टँकर आला की अण्णा वर हाक मारायचे, "भरून घे रे आधी तुझं." या माणसाला दुष्ट ठरवलं तर गोष्ट सोपी होईल, पण खोटी होईल.

अडचण हळूहळू कळली. गॅसचं कनेक्शन नव्या पत्त्यावर घ्यायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. बँकेत तेच. शाळेनं मुलीला घेतलं, पण पुरावा आणून द्या म्हणून दर आठवड्याला निरोप. एका कंपनीत मुलाखत चांगली झाली, पण राहत्या पत्त्याची पडताळणी करायची म्हणून त्यांनी भाडेकरार मागितला. सुधाकर अण्णांकडे गेला. अण्णा म्हणाले, "करू की, काय घाई आहे?" चार महिने घाई नव्हतीच. सुधाकर पुण्यात राहत होता, पण तो तिथं राहतो हे दाखवणारं एकही कागदपत्र शहरात नव्हतं.

सप्टेंबरात अण्णांच्या पुतण्याला पुण्यात काम लागलं. अण्णा वर आले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "त्याला खोली लागेल रे. बघ तू तुझं." सुधाकरनं त्याचा अर्थ घेतला की लवकर निघावं. अण्णांच्या मनात होतं दिवाळीपर्यंत, निवांत. सुधाकर महिनाअखेरीस सामान बांधून उभा राहिला तेव्हा अण्णा चकित झाले, थोडे दुखावलेही. अनामतीतून दोन महिन्यांचं भाडं कापणार म्हणाले, कारण "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सोडायच्या आधी दोन महिने कळवायचं." सुधाकरला असं काही ऐकल्याचं आठवत नव्हतं. रंगाचे आठ हजार, विजेचे दोन हजार, भाड्याचे बारा हजार. चाळीसातले अठरा हजार हातात आले. दोघंही खरं बोलत होते. आठवण ज्याची त्याच्या खिशाकडे झुकते, आणि झुकलेली त्याला स्वतःला कळत नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

त्याच आठवड्यात ससाणेनगरमध्ये एका जुन्या घराच्या फाटकावर त्याला 'वरचा मजला भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली. खडूनं लिहिलेली, अक्षर वळणदार. मालकीणबाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची.

बाईंनीही तोच प्रश्न विचारला. सुधाकरनं तेच उत्तर दिलं. आवाज मऊ होण्याची वाट पाहत तो उभा राहिला. बाई म्हणाल्या, "बसा. मग भाडं कुठून द्याल?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. नोकरी नाही म्हटल्यावर सगळे तिथंच थांबत. सुधाकरनं पिशवीतून वही काढली. डाव्या पानावर शिल्लक, उजव्या पानावर महिन्याचा खर्च : भाडं, किराणा, शाळा, बस, आईची औषधं. तीन दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरायचं काम त्याला मिळालं होतं, त्याचे महिन्याचे साडेसात हजार. रेखा ब्लाउज शिवायची, ते त्यानं निम्मेच धरले होते. खाली एक ओळ होती : नवं काही मिळालं नाही तर शिल्लक एप्रिलमध्ये संपेल.

बाईंनी वही शिक्षकाच्या सवयीनं बोट फिरवत वाचली. "दुकानदार पैसे कधी देतात?"

"वीस तारखेपर्यंत विवरणपत्र भरावं लागतं. त्यानंतर देतात. बावीस-तेवीसला."

"मग पाच तारखेला भाडं द्यायचं कबूल केलंत तर दर महिन्याला शिल्लक मोडाल, किंवा मला तोंड चुकवाल. पंचवीस तारीख लिहू."

"लिहू म्हणजे?"

"करारात. नोंदणी करायची. त्याशिवाय मी किल्ली देत नाही."

सुधाकर गोंधळला. ज्यांनी माया दाखवली त्यांनी कागद नको म्हटलं होतं. या बाई कागद मागत होत्या म्हणजे यांचा विश्वास नाही, असा त्याचा सरळ हिशेब झाला. चेहरा पाहून बाईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी त्याला चहा दिला आणि सासऱ्यांच्या वाड्याबद्दल सांगितलं.

वाडा शुक्रवार पेठेत होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठवली, आणि ती पुढं अनेक दशकं गोठलेलीच राहिली. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा एकेक बिऱ्हाड महिन्याला पंधरा-वीस रुपये देत होतं. तेवढ्यात कौलंसुद्धा बदलून होत नव्हती. भाडेकरूंना सोडता येईना, कारण बाहेर परवडणारं घर नव्हतं. सासऱ्यांना दुरुस्ती करता येईना. कोणाला जिना वापरायचा हक्क, कोणाचं न्हाणीघर, सगळं तोंडी ठरलेलं, आणि ठरवणारी माणसं एकेक करून गेलेली. "एका पावसाळ्यात मागची भिंत पडली," बाई म्हणाल्या. "शेजारी म्हणून चाळीस वर्षं राहिलेली माणसं कोर्टात एकमेकांसमोर उभी राहिली. सासरे त्यातच खचले. तेव्हापासून मला तोंडी चांगुलपणाची भीती वाटते."

मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला वीस दिवसांची सवलत देतेय. ती माझ्या मनात राहिली तर उपकार होईल, आणि माझं मन एखाद्या दिवशी बिघडेल. कागदावर आली की ती अट झाली. मग ती मलाही मोडता येणार नाही."

इथं थोडं थांबून कायद्याचं सांगतो, कारण घर शोधणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम ५५ म्हणतं की घर भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. मालकानं ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर दुसरी बाजू ते खोटं ठरवत नाही. म्हणजे कागद टाळून धोका पत्करतो तो मालकसुद्धा. अण्णांना हे माहीत नव्हतं, सुधाकरलाही नव्हतं.

खर्चाचीही उगाच धास्ती असते. मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं. ते करारातल्या एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून येणाऱ्या रकमेवर. भाडं आठ हजार, अनामत पंचवीस हजार, मुदत अकरा महिने. सुधाकरनं वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. शुल्क तीनशे रुपयांच्या पुढं जात नव्हतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर एजंटाची मजुरी. बाई म्हणाल्या, "निम्मं निम्मं."

एजंट अंगठ्याचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरीच आला. आधारचा अंगठा, फोटो, दोन साक्षीदार. त्याच्याकडे तयार मसुदा होता, त्यात सगळी कलमं मालकाच्या बाजूची. बाईंनी चष्मा लावला आणि एकेक कलम मोठ्यानं वाचायला लावलं. पहिले सहा महिने भाडेकरूनं घर सोडायचं नाही, असं होतं. बाई म्हणाल्या, "आणि मालकानं सोडायला सांगायचं नाही, तेही घाला." भाडं उशिरा झालं तर रोज शंभर रुपये दंड, असं होतं. ते खोडून लिहिलं : अडचण असल्यास दहा तारखेच्या आत लेखी कळवावं, कळवल्यास निम्मं भाडं पुढच्या महिन्यात देता येईल, असं वर्षातून दोनदाच. रंगाचा खर्च किती, विजेचं मीटर कोणतं, सोडताना अनामत किती दिवसांत परत, नूतनीकरण केल्यास भाड्यात पाचशेची वाढ. एजंट कंटाळला होता. सुधाकर मात्र मन लावून ऐकत होता. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलत होतं. नोकरी नसलेल्या माणसाला दया बरेच जण दाखवतात. त्याच्याकडून वचन मागणं आणि त्याला वचन देणं, हे फार थोडे करतात. माझ्या मते खरा मान त्यात आहे.

ऑक्टोबर नीट गेला. नोव्हेंबरात तिघांपैकी एका दुकानदारानं दुकान विकलं आणि त्या महिन्याचे पैसे बुडवले. सुधाकर दोन रात्री झोपला नाही. मग सातव्या तारखेला त्यानं एका कागदावर चार ओळी लिहून बाईंना नेऊन दिल्या. त्यांनी वाचल्या, खाली 'मिळाले' असं लिहून सही केली, तारीख घातली आणि कागद फायलीत लावला. "मुलीचं गणित कसं चाललंय?" एवढंच विचारलं. विनवणी करावी लागली नाही, खोटं कारण रचावं लागलं नाही, जिन्यात गाठ पडू नये म्हणून मागच्या दारानं जावं लागलं नाही.

डिसेंबरात बाई न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. जानेवारीत मुलगा घर पाहायला आला. वर राहणाऱ्या माणसाला नोकरी नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याचा राग समजण्यासारखा होता. आई अंथरुणावर, दवाखान्याचं बिल मोठं, आणि वर असा भाडेकरू. "महिन्याभरात खाली करा," तो म्हणाला.

सुधाकरनं वाद घातला नाही. कराराची प्रत, भाड्याच्या पावत्या आणि सहीचा तो नोव्हेंबरचा कागद त्यानं पुढं ठेवला. मुलगा उभ्या उभ्या वाचू लागला, मग खुर्ची ओढून बसला. पंचवीस तारीख का, हे त्याला समजलं. राहिलेलं निम्मं भाडं डिसेंबरात जमा झालेलं दिसलं. मार्चअखेरपर्यंत घर सोडायला सांगता येत नाही, हेही दिसलं, आणि त्याखाली आईची सही होती. बाई त्या वेळी गोळ्यांच्या गुंगीत होत्या. फोनवर विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. मुलगा शेवटी म्हणाला, "आईनं ठरवलंय तर ठीक आहे. मार्चनंतर बघू."

बघायची वेळ आली नाही. फेब्रुवारीत मांजरीच्या एका शीतगृहात सुधाकरला हिशेबाचं काम मिळालं. पगार सोलापूरपेक्षा थोडा कमीच. पत्त्याची पडताळणी करायला त्यांचा माणूस आला तेव्हा सुधाकरनं नोंदणीकृत करार दाखवला. तो दहा मिनिटांत परत गेला.

पहिला पगार झाल्यावर सुधाकर भेकराईनगरला गेला. कलम ५५ त्याला आता पाठ होतं, आणि ते अण्णांच्या तोंडावर फेकायचं असं त्यानं बसमध्ये ठरवलंही होतं. फाटकाशी पोचल्यावर ते मागं पडलं. खिशातून त्यानं एक कागद काढला. दिलेली अनामत, परत मिळालेली रक्कम, मान्य असलेलं वीजबिल, मान्य नसलेलं भाडं, आणि रंगापुढं प्रश्नचिन्ह. "अण्णा, तुम्हाला जे पटत नाही ते खोडा." अण्णांनी रंगाची पावती शोधून आणली, ती पाच हजारांची निघाली. त्यांनी स्वतःच आठचे पाच केले. भाड्याच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले, मग तीही खोडली. पंधरा हजार देणं निघालं. दरमहा तीन हजार, असं लिहून दोघांनी सह्या केल्या. तेवढ्यात आतून वहिनींनी भाकरीचं विचारलं, आणि सुधाकर जेवायला थांबला. जेवताना त्यानं अण्णांना कलम ५५ सांगितलं, धमकी म्हणून नव्हे. पुतण्या गेला की नवा भाडेकरू येणारच होता.

अण्णांचे पाचही हप्ते वेळेवर आले. बाई काठी घेऊन चालायला लागल्या आणि जुलैत आपल्या घरी परतल्या. सप्टेंबरात करार पुन्हा नोंदवला तेव्हा भाडं साडेआठ हजार झालं. पाचशेची ती वाढ पहिल्याच करारात लिहिलेली होती. तारीख बदलायची का, असं बाईंनी विचारलं, कारण पगार आता एक तारखेला होत होता. सुधाकर हो म्हणाला, आणि पाच तारीख लिहिली गेली.